काय नाय मिळालं?

दारावर माल घेऊन येणारा माणूस ‘काय पाहिजे?’ असं विचारतो. गाठोडेमामा तसं कधीच विचारत नसत. जांभूळ गावात आमच्या ओट्यावर ते टेकायचे, आईने दिलेलं पाणी एका दमात प्यायचे आणि गाठोड्याच्या गाठीला हातसुद्धा न लावता विचारायचे, "काय ताई, या पंधरा दिवसांत काय शोधलंत नि काय नाय मिळालं?" आई पहिल्यांदा नुसती हसली. दुसऱ्या खेपेला तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मिक्सरचा रबर नाय मिलत कुठं." साड्या विकणाऱ्या माणसाने मिक्सरच्या रबराचं काय करायचं, असं मला वाटलं. मामांनी मात्र खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून त्यावर लिहून घेतलं, आणि पुढच्या खेपेला रबर आणून दिलं. आईने त्या दिवशी साडीही घेतली.

ते अंबरनाथला राहायचे. ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा त्यांनी एका जुन्या निळ्या चादरीत वीस-पंचवीस साड्या बांधल्या आणि खांद्यावर टाकून चालू लागले. सोमवारी आणि मंगळवारी अंबरनाथच्या वस्त्या, बुधवारी बदलापूर, एकाआड एक गुरुवारी आमचं जांभूळ. त्यांचं खरं नाव आमच्या गावात कुणालाही माहीत नव्हतं. बायका त्यांना गाठोडेमामा म्हणायच्या आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं. "नावाचा माणूस एका घरचा असतो," ते म्हणायचे, "मामा सगळ्या घरांचा."

पुठ्ठे हा त्यांचा खास प्रकार. साडी ताठ राहावी म्हणून घडीत एक पुठ्ठा घातलेला असतो. गिऱ्हाइकाला साडी देताना मामा तो अलगद ओढून घ्यायचे आणि त्यावर लिहायचे. गावाचं नाव आणि वस्तूचं नाव, बस. ‘कुळगाव. पोरीला मोठ्या मापाची चप्पल.’ ‘बुवापाडा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोराला कातर.’ ‘जांभूळ. मिक्सर रबर.’ भरलेले पुठ्ठे घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जायचे. यातल्या निम्म्या वस्तू त्यांना कधीच आणून देता आल्या नाहीत, तरी एकही पुठ्ठा त्यांनी फेकला नाही. मामी चुलीला लागतात म्हणून मागायची, तर ते डबा कपाटावर चढवून ठेवायचे.

त्या वेळी मी काय करत होते, हे सांगायला आज लाज वाटते, पण सांगते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी उल्हासनगर कॅम्प पाचला एका सायबर कॅफेत नोकरीला लागले होते आणि फावल्या वेळात स्वतःची वेबसाइट चालवत होते. एक नाही, एकापाठोपाठ चार. शुभेच्छापत्रं, मोबाइलची कव्हरं, राख्या, आणि शेवटी चांदीचा मुलामा दिलेल्या मूर्ती. जे सगळे विकत होते तेच मी विकत होते, आणि आपलंच का विकलं जात नाही म्हणून रागावत होते. वर्षभरात तीन राख्या गेल्या. त्यांतली एक माझ्या मावसभावाने घेतली होती.

मामा साड्या आणायला उल्हासनगरला आले की आमच्या कॅफेत पंख्याखाली दहा मिनिटं बसायचे. मालकालाही त्यांची सवय झाली होती. मला ते कंप्युटरबाय म्हणायचे. एकदा त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघत विचारलं, "बाय, याच्यात दारं किती?"

"लाखो, मामा. सगळ्या जगाची दारं."

"मग तू दारात जाऊन काय करते?"

मी त्यांना माझं पान दाखवलं. मूर्ती, सवलत, चमचम करणारी अक्षरं. त्यांनी डोळे बारीक करून सगळं वाचलं आणि म्हणाले, "ही तर नुसती ओरडते. हे घ्या, ते घ्या. असा माणूस दारात आला तर मी पण आतून कडी लावीन." मला भयंकर राग आला. पाचवी शिकलेल्या माणसाने मला धंदा शिकवावा, हे काही पचेना. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. आता शिकलेली मुलं याच गोष्टीला इंग्रजी नाव देऊन त्यावर तीन-तीन दिवसांची शिबिरं घेतात, फीसुद्धा चांगली दणदणीत असते. तिथे बसलं की मला पंख्याखालचे मामा आठवतात आणि कधीकधी हसू आवरत नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मामांचे गुडघे बोलायला लागले. ओट्यावर बसताना त्यांचा हात आधी भिंत शोधायचा. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की गाठोडं उतरवा, नाहीतर वर्षभरात पाय उतरतील. मामी आईजवळ रडली. तिला वाटत होतं की आई तरी त्यांना समजावेल. आईने समजावलंही. मामा ऐकून घेत म्हणाले, "ताई, गाठोडं ठेवतो. पण मग आमच्या दोघांच्या पोटाचं कसं?" त्यांना मूलबाळ नव्हतं. मी दारात उभी होते. काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मामा, तुमचं गाठोडं मी उतरवते." तीन राख्या विकलेल्या मुलीने दिलेला तो शब्द होता, पण मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मग रविवारी घरी ये. डबे काढू."

त्या रविवारी अंबरनाथला त्यांच्या खोलीत आम्ही जमिनीवर पुठ्ठेच पुठ्ठे पसरले. चपलांचा ढीग, भांड्यांच्या सुट्या भागांचा ढीग, कपड्यांचा ढीग. मामी चहा घेऊन आली तर तिला पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारपर्यंत एक ढीग बाकी सगळ्यांपेक्षा मोठा झाला. वीस वर्षांचे पुठ्ठे, वेगवेगळी गावं, आणि सगळ्यांवर थोड्याफार फरकाने एकच गोष्ट. ‘पांढरी. लग्नाची. काठ भरलेला पाहिजे.’

मला काही उमगेना. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात नवरी दिसायच्या आधी हळद दिसते. पांढरी साडी आणि लग्न हे दोन शब्द मी एका वाक्यात कधी ऐकलेच नव्हते. गावाच्या शेजारीच बौद्धवाडी, तिथल्या मैत्रिणी माझ्या वर्गात, आणि त्यांची लग्नं कशी होतात हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी चष्मा काढून पुसला. "आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्यात असतात, बाय. छप्पन सालापासून, बौद्ध झालो तेव्हापासून."

मग मामी बोलली. एरवी ती फार बोलत नसे. "माझ्या लग्नाची साडी घ्यायला आमचा बाप मला घेऊन गेला. मी दुकानदाराला म्हटलं, पांढरी दाखवा. तर त्याने मान खाली घातली नि हळूच विचारलं, कोण वारलं?" तिने कप गोळा केले. "साधी, बिनकाठाची दिली त्यानं. तीच नेसले. दुसरी नव्हतीच." मामा पुठ्ठ्यांकडे बघत राहिले. मला वाटतं, पहिला पुठ्ठा त्यांनी त्याच साडीच्या आठवणीने लिहिला असावा. विचारायचं मात्र राहून गेलं.

कॅम्प दोनमधले ज्यांच्याकडून मामा माल उचलायचे ते सिंधी शेठ आमचं म्हणणं ऐकून खुर्चीत सरळ बसले. "शादी में सफेद? तौबा बोल, बेटी. सफेद तो हमारे यहाँ गमी में पहनते हैं." मामांनी शांतपणे समजावलं की आमच्याकडे शुभ आहे, काठ भरजरी हवेत, पदर भरलेला हवा, निळा काठ असेल तर सोन्याहून पिवळं. शेठनी कपाळावर हात मारला. पण इतक्या वर्षांत मामांनी त्यांना कधी फसवलं नव्हतं. "मँगवा देता हूँ, साईं. नहीं बिका तो दोनों मिलके पहनेंगे," असं म्हणून त्यांनी सुरतेला फोन लावला. एकवीस साड्या आल्या. कापडाचं गाठोडं दुकानातच उघडून मामा त्या हाताने कुरवाळत बसले होते.

गिऱ्हाईक कुठलं, हेही पुठ्ठे वाचता वाचता मामांनाच आठवलं. मामांच्या गिऱ्हाइकांतली कितीतरी कुटुंबं बदली होऊन लांब गेली होती, भिलाईला, जबलपूरला, बडोद्याला. तिथे मराठी दुकान नाही, ओळखीचा साडीवाला नाही, आणि पांढरी मागितली की पुन्हा तोच प्रश्न. आम्ही वेबसाइटवर फक्त पांढऱ्या लग्नसाड्या ठेवल्या. बाकी काही म्हणजे काही नाही. फोटोसाठी नवरी कुठून आणायची? मग मामीच उभी राहिली, पन्नाशी उलटलेली, निळ्या काठाची पांढरी नेसून, गॅलरीत तुळशीच्या जागी ठेवलेल्या पुदिन्याच्या कुंडीशेजारी. ती इतकी लाजली की मामांना आम्ही खोलीबाहेर घालवलं. ते जिन्यात बसून राहिले आणि दर मिनिटाला विचारायचे, "झाला का फोटू?" तो फोटो आजही मी पुसलेला नाही.

पान तयार झाल्यावर मामांची एकच मागणी होती. खाली एक ओळ टाक, तुम्ही काय शोधलंत नि काय नाय मिळालं? मी म्हटलं, मामा, वेबसाइटवर असं कुणी विचारत नाही, बरं दिसत नाही. "बरं," ते म्हणाले. त्यांनी परत आग्रह केला नाही.

दोन महिने काही झालं नाही. मग भिलाईहून एका मुलीच्या वडिलांचा मेल आला, मागोमाग फोन. लग्नाला वीस दिवस होते. साडी पोस्टाने व्ही. पी. करून, म्हणजे पैसे पार्सल सोडवताना, पाठवायची ठरली. पहिलं पार्सल! आमच्या घरात सगळे जमले, आईने पदर खोचला आणि साडी स्वतः बांधायला घेतली. आम्हाला सगळ्यांना इतका आनंद झाला होता की तिने काय केलं ते मी बघितलंच नाही. बघितलं असतं तरी त्यात चूक वाटली नसती, कारण आमच्या घरातून कोणत्याही सवाशिणीला साडी अशीच जाते. आईने हळदीची आणि कुंकवाची एक-एक पुडी साडीच्या पदरात ठेवली.

बारा दिवसांनी फोन आला. मुलीचे वडील रागावले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. "बाई, आम्ही हळदीकुंकू सोडून पन्नास वर्षं झाली. पण ते जाऊ द्या. पुड्या फुटल्या हो. साडी सगळी लाल-पिवळी झालीय. पोरगी कालपासून जेवली नाही." लग्नाला आठच दिवस उरले होते. पोस्टाने दुसरी जाणं शक्य नव्हतं. आई बाजूलाच उभी होती. तिला सगळं समजलं आणि तिने भिंतीला टेकून खाली बसकण मारली. "सवाशीण बाईला नुसती साडी कशी द्याची, मना वाटला," एवढंच ती म्हणत राहिली.

मी धावत अंबरनाथला गेले. मामा चिडतील, मला चार शब्द सुनावतील, याची मी तयारी ठेवली होती. सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "आईला काय बोलू नको हां. तिनं तिच्या लेकीला देतात तशी दिली." आणि उठून त्यांनी खुंटीवरची निळी चादर काढली. मामी मध्ये उभी राहिली. "गुडघे बघा तुमचे! पोरीला पाठवा." मामांनी चादर पसरली, मधोमध एकच पांढरी साडी ठेवली, चारी टोकं बांधली. "या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले, "दारात मीच जाणार." दुसऱ्या दिवशी कल्याणहून ते गाडीत चढले. एका साडीचं गाठोडं खांद्यावर होतं.

पाच दिवसांनी परतले ते लंगडतच. डावा गुडघा सुजून टम्म झाला होता, आणि चेहरा मात्र एखाद्या वरबापासारखा. त्या घरात साडी दिल्यावर त्यांनी पाणी मागितलं, जमिनीवर बसले आणि नवरीच्या आजीला विचारलं, "काय आजी, इथं आल्यापासून काय शोधलंत नि काय नाय मिळालं?" आजी म्हणे आधी हसली, मग डोळे पुसायला लागली, मग शेजारणींना हाका मारू लागली. त्या वसाहतीतल्या आणखी नऊ घरांत लग्नं ठरलेली होती. पोरांसाठी पांढरे शर्ट, म्हाताऱ्यांसाठी पांढरं नऊवारी. मामांच्या खिशातून पुठ्ठ्यांची चळतच निघाली. मी ती हातात धरून तिथेच रडले. मामा म्हणाले, "अगं, आता ओरडायची गरजच नाय बघ."

धंदा तिथून उभा राहिला. भिलाईच्या बायकांनी जबलपूरला सांगितलं, जबलपूरने बडोद्याला. कॅम्प दोनचे शेठ वर्षाच्या आत स्वतः नवीन काठांचे नमुने काढून ठेवायला लागले. "इतनी शादियाँ होती हैं, साईं, मुझे दिखती ही नहीं थीं," ते मामांना म्हणाले. मी कॅफेची नोकरी सोडली आणि अंबरनाथला दुकानासाठी दोन खोल्या घेतल्या. पार्सलात कुंकू जात नाही, पण साड्या आजही आईच बांधते. आणि गाठोडं खरंच उतरलं. मी शब्द दिला होता तसं नव्हे, भिलाईच्या प्रवासाने उतरवलं. त्या गुडघ्याने पुन्हा ओझं घेतलं नाही.

मामा रोज दहाला दुकानात येऊन बसायचे. प्रत्येक साडी उलगडून काठ तपासायचे, पुन्हा अशी घडी घालायचे की सुरतेची घडी तिच्यापुढे गबाळी दिसावी. पैशाची काळजी संपली होती, मामीच्या हातात बांगड्या आल्या होत्या. तरी अकराच्या सुमाराला त्यांचा हात घडीवर थांबायचा. "आज गुरुवार," ते म्हणायचे. "जांभूळ." मग कुणाकुणाची आठवण निघायची. मोठ्या चपलेवाली मुलगी आता कॉलेजात असेल. बुवापाड्याच्या त्या पोराला कातर मिळाली असेल का? "आता त्यांना कोण विचारत असेल गं?" मी फोनवर असायचे, पावत्या करत असायचे, कुरिअरवाल्याशी भांडत असायचे. "हो ना, मामा," म्हणायचे. एकदा त्यांनी परत ती ओळ काढली. पानाच्या खाली टाकशील का? मी म्हटलं, टाकते, सीझन संपू दे. तो एप्रिल होता, लग्नांची झुंबड होती. आजही तो एप्रिल आठवला की मला स्वतःचा संताप येतो. एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागली असती.

मामा त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. दुपारी घडी घालता घालता छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत संपलं. त्यांना निरोप द्यायला अंबरनाथच्या आणि बदलापूरच्या वस्त्यांतून इतक्या बायका आल्या की गल्लीत मावेनात. सगळ्या पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. माझी आईही तिच्या आयुष्यातली पहिली पांढरी साडी नेसून आली. काही दिवसांनी मामीने मला बिस्किटांचे डबे आणि ती निळी चादर दिली. चादरीला अजून त्यांच्या खांद्याचा विटका पट्टा आहे.

ओळ मी टाकली. उशिरा का होईना, ऑर्डरच्या पानावर सगळ्यात खाली, त्यांच्याच शब्दांत. काय शोधलंत नि काय नाय मिळालं? लोक लिहितात. कुणाला लहान मुलीच्या मापाचं पांढरं परकर-पोलकं हवं असतं, कुणाला निळ्या काठाचा फेटा. त्यातून आम्ही बरंच नवीन सुरू केलं. प्रत्येक उत्तर मी पुठ्ठ्यावर उतरवते. दुकानातल्या मुली हसतात. कॉम्प्युटरमध्ये असताना पुन्हा पुठ्ठा कशाला, ताई? मी लिहीत राहते.

मध्यंतरी जबलपूरहून एका मुलीची ऑर्डर आली. लग्नाची साडी, निळा काठ. पैसे भरले होते, पत्ता नीट होता. खालच्या ओळीत तिने लिहिलं होतं, ‘आम्ही आधी बदलापूरला, कुळगावात राहायचो. मी लहान असताना आमच्याकडे साड्या घेऊन एक मामा यायचे. आईला एरवी कुणी विचारत नसे ते विचारायचे. माझ्या मोठ्या मापाच्या चपलेसाठी त्यांनी तीन बाजार पालथे घातले होते. लग्नाची साडी त्यांच्याकडूनच घ्यायची असं मी तेव्हाच ठरवलं होतं. दोनदा येऊन शोधलं. ते काही मिळाले नाहीत.’

मी तिची साडी स्वतः उलगडली, काठ तपासला आणि मामा घालायचे तशी घडी घालायचा प्रयत्न केला. ती तितकी चांगली जमली नाही. मग तिच्यातला पुठ्ठा ओढून घेतला, त्यावर ‘जबलपूर. गाठोडेमामा.’ असं लिहिलं आणि तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला.